रोवीचं लग्न नियमात बसेना

…नाही, पण टोइंगवाल्याच्या पगाराचा आणि चार वर्षांच्या पोरीच्या दुपारच्या झोपेचा संबंध काय? आहे काही संबंध? तुम्हाला सांगते, उभा जन्म मी या गावात लोकांचे केस कापतेय, खुर्चीत बसलं की माणूस काय काय बोलत नाही, कुणाचं कुणाशी चाललंय ते त्याच्या आईच्या आधी मला कळतं, पण ही असली भानगड मी कधी ऐकली नव्हती! मुलगी चांगली, मुलगा चांगला, दोघांचं जमलेलं, चर्चचे पाळकसाहेब तयार, मी केकचं भांडं घासूनपुसून ठेवलेलं… आणि लग्न अडलं कुठे? काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ऑफिसात! का? तर म्हणे, नियमात बसत नाही! आता मला सांगा, हे बसून ठरवलं कुणी?

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही वर्ना काहीतरीच बडबडतेय.

रोवीना, आमची रोवी, ही माझी भाची. धाकटी बहीण माझी गेली, तेव्हापासून पोर माझ्याकडेच वाढली. आणि लहानपणापासून तिला एकच खोड. 'का?' सकाळी डोळा उघडला की सुरू. "मावशी, कोंबडीला दात का नसतात? मावशी, पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करतात तर त्यांना घड्याळ कसं दिसतं?" मी कंगवा फेकून मारायची, कंगवा चुकवून पुन्हा विचारायची, "कंगवाच का, ब्रश का नाही?" आता वृद्धाश्रमात कामाला आहे, म्हाताऱ्यांना भरवते, अंघोळी घालते, आणि तिथेही तेच! नव्वदीच्या आजोबांचा साबण धुताधुता विचारते, "आजोबा, दुसरी बायको का केलीत?" आणि आजोबा सांगतात हो! पाणी गार होईपर्यंत सांगतात!

फक्त एका माणसाला तिनं प्रश्न विचारला नाही. जूनीच्या बापाला. 'कुठे चाललास?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. अलाबामात काम बघून येतो म्हणून गेला तो… असो. जूनीचा जन्मसुद्धा त्यानं पाहिला नाही.

तर ही जूनी. डोळे एवढे मोठे, सगळं बघायची, सगळं कळायचं, पण बोलायची नाही. एक शब्द नाही! अडीच वर्षांची झाली तरी नाही. रोवीसारख्या आईच्या पोटी मुकी पोर, काय म्हणावं? डॉक्टर झाले, कान तपासून झाले. मग रोवीला सरकारची मदत मिळाली. म्हणजे काय, ज्या आईचं उत्पन्न कमी तिच्या पोराच्या पाळणाघराचे बरेचसे पैसे सरकार भरतं. नाहीतर आमच्याकडे पाळणाघर म्हणजे… आईनं दिवसभर राबायचं आणि आलेला पगार सरळ पाळणाघरात नेऊन द्यायचा, घरी यायचं रिकाम्या हातानं! तर त्या मदतीवर जूनी गेली मिस ओपलकडे.

मिस ओपल म्हणजे बाई अशी, की रडकं पोर तिच्या मांडीवर गेलं की स्वतःचं रडणंच विसरतं. ती म्हणाली, "बोलेल हो. साठवतेय ती. काही माणसं आधी सगळं ऐकून घेतात." आणि एक दिवस एका पोरानं जूनीची लाल बादली ओढली. ही उभी राहिली, कमरेवर हात, आणि पहिलं वाक्य, अख्खं वाक्य, "ए, माझी बादली आहे ती, दे इकडे!" मिस ओपलनं वृद्धाश्रमात फोन केला. रोवी तिथेच जमिनीवर बसली आणि अशी रडली की म्हाताऱ्यांना वाटलं कुणीतरी गेलं, त्यांनी एकमेकांची मोजदाद सुरू केली! तेव्हापासून जूनी गप्प बसलेली नाही. झोपेतही बोलते. आणि काय बोलते? "का?"

म्हणजे तुमच्या लक्षात आलं ना? ते पाळणाघर सुटलं तर काय सुटलं असतं?

आता ग्रेडी. ग्रेडी बर्लच्या गॅरेजात टोइंगचा ट्रक चालवतो. अंगानं कपाट, स्वभावानं उशी. रोवीची गाडी घाटात बंद पडली, हा ओढायला आला. तिनं ट्रकमध्ये बसल्याबसल्या विचारलं, "हा साखळदंड तुटत का नाही?" झालं! या माणसाला आजवर कुणी साखळदंडाबद्दल विचारलंच नव्हतं हो! गावाला यायला लागतात दहा मिनिटं, यानं तास लावला. पुढे वर्षभर तिची गाडी इतक्या वेळा 'बंद' पडली की मी म्हटलं, बाई, त्या गाडीला तरी शरम वाटू दे.

मग एका रविवारी त्यानं ट्रकमध्येच विचारलं. वर पिवळा दिवा गरगरतोय, अंगठी फ्यूजच्या डबीत ठेवलेली. "रोवी, करशील का माझ्याशी लग्न?" आणि आमची काय म्हणते? "हो. पण थांब हं, सोमवारी ऑफिसात विचारून येते."

"ऑफिसात?" ग्रेडीचा चेहरा बघायला हवा होता, म्हणजे मी पाहिला नाही, पण त्यानंच मला करून दाखवला. "तुझ्या मावशीला विचारायचं म्हणून मी दोन दिवस जेवलो नाही, आणि तू ऑफिसाला विचारतेस?"

पण पोरीचं बरोबरच होतं. दुधानं पोळलेली ती. आता विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

ऑफिसात मिस्टर लूडन बसतात. बारीक माणूस, बारीक आवाज, असा बोलतो जसं काही शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय. "हं… लग्न करणार? अभिनंदन. मग त्यांचं उत्पन्न तुमच्यात मिळवावं लागेल. तुम्ही, मुलगी आणि ते, तिघांचं कुटुंब. तिघांसाठी मर्यादा एवढी, तुमचं दोघांचं मिळून एवढं… अरेरे. थोडंसं वर जातंय. नाही बसत."

"थोडंसं म्हणजे किती?"

"फार नाही हो. दोघांनी महिन्यातून एकदा बाहेर जेवायला जावं, एवढंच."

"मग आम्ही बाहेर जेवणार नाही!"

"जेवणाचं नाही हो, उत्पन्नाचं बघतात."

म्हणजे एका जेवणापायी अख्खी मदत जाणार? थोडी कमी होणार असं नाही, सगळी! रेषेच्या अलीकडे पाय असेल तर सगळं, पलीकडे अंगठा गेला की काहीच नाही! रोवीनं विचारलं, "का?" लूडन म्हणाले, "रेषा आहे." "पण रेषा तिथेच का? जरा पुढे का नाही?" बिचाऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "मला या खुर्चीत इतकी वर्षं झाली, हे मला कुणी विचारलंच नाही." आता मला सांगा, हे बसून ठरवलं कुणी?

रोवी माझ्याकडे आली, सगळं सांगितलं. खुर्चीत होते आमचे पाळकसाहेब टॅकेट, अर्धे केस कापून झालेले. ते उसळलेच! "काय? विवाहासारख्या पवित्र गोष्टीला कचेरीची हरकत? चल, मी येतो. आत्ता!" अहो पाळकसाहेब, अर्धे केस… ऐकतात कुठले! गळ्यातला कपडा तसाच, एका बाजूला केस आहेत, एका बाजूला नाहीत, असे निघाले. मीही दुकानाला कुलूप लावून मागोमाग. हे काय चुकवायचं होतं?

तिथे पाळकसाहेब आपल्या रविवारच्या आवाजात, "मिस्टर लूडन! हे दोन जीव एकत्र संसार करू पाहतात, आणि तुम्ही त्यांना अडवता?"

लूडन बारीक आवाजात, "मी नाही अडवत, साहेब. संसार करू दे की. नुसते एकत्र राहिले तर काहीच अडचण नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते मुलीचे वडील नाहीत ना, मग लग्न न करता एका घरात राहिले तर त्यांचं उत्पन्न आम्ही धरत नाही. लग्न केलं तर धरतो."

अहो, पाळकसाहेबांचा चेहरा, अर्धा केसांचा आणि अर्धा बिनकेसांचा, दोन्हीकडून सारखाच लाल झाला. "म्हणजे सरकार सांगतं की पापात राहा?"

"सरकार काही सांगत नाही, साहेब," लूडन म्हणाले, "सरकार नुसती बेरीज करतं."

आणि आमच्या रोवीनं त्यातच तोंड घातलं. "मिस्टर लूडन, कुटुंबात माणसं जास्त असली तर मर्यादा वर जाते ना?" "जाते." "मग आम्हाला किती मुलं झाली म्हणजे आमचं लग्न बसेल?" पाळकसाहेबांना असा ठसका लागला, असा ठसका लागला, की लूडननी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. परत येताना वाटेत पाळकसाहेब एकच वाक्य बोलले. "वर्ना, उरलेले केस काप."

बरं, नुसतं राहायचं म्हटलं तर ग्रेडी तयार नाही! त्याच्या आईनं त्याला तसं वाढवलेलंच नाही. "रोवी, मी तुझा भाडेकरू म्हणून राहणार नाही. जूनी विचारेल हा कोण, तर काय सांगू? नियमात न धरलेला माणूस?" डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या, एवढ्या मोठ्या माणसाच्या. आणि जूनी खरंच विचारायची! "ग्रेडी रात्री घरी का जातो?" सांगा, काय उत्तर द्यायचं? रोवीला जगातल्या सगळ्या 'का'ची हौस, पण या एका 'का'पुढे ती मान खाली घालायची. मी पाहिलंय.

मग ग्रेडीनं काय करावं? गेला बर्लकडे. बर्ल म्हणजे गॅरेजचा मालक, तोंडात सदा तंबाखू. "मालक, माझा पगार कमी करा."

बर्ल म्हणाला, "थांब." बाहेर जाऊन थुंकून आला. "आता पुन्हा बोल. मला वाटलं तंबाखू कानात गेली."

"पगार कमी करा. लग्न करायचंय."

"लग्न करायचंय म्हणून पगार कमी? अरे, लग्न झाल्यावर आपोआप कमी पडतो तो!" पण बर्ल मनाचा बरा. म्हणाला, "पगार कमी केला तर बाकीचे म्हणतील ग्रेडीनं काहीतरी चोरलं. त्यापेक्षा जास्तीचं काम देत नाही तुला, गाड्या बंद पडल्या तरच जा. हिवाळा सौम्य असला म्हणजे आपोआप कमी होईल." लूडननंही सांगितलं होतं, आदल्या महिन्याचा पगार बघतात. झालं! एक महिना, फक्त एक महिना, लोकांनी नीट गाड्या चालवायच्या. एवढंच!

आणि त्या महिन्यात काय झालं? बर्फ! नुसता बर्फ नाही, काचेसारखा बर्फ! रस्त्यावर कुत्रं उभं राहिलं तर चारी पाय चार दिशांना! आणि आमच्या गावातला प्रत्येक माणूस, ज्याला घरी बसायला काय झालं होतं देव जाणे, गाडी काढून निघाला आणि सरळ खड्ड्यात! एक खड्ड्यात, दुसरा ओढ्यात, तिसरा शाळेच्या फाटकात. बर्ल फोनवर ओरडतोय, "ग्रेडी, डोंगराखाली दोन! ग्रेडी, पुलापाशी तीन!" आणि ग्रेडी साखळदंड लावतोय आणि रडकुंडीला येऊन म्हणतोय, "अजून एक? अजून एक?" आमच्या पलीकडच्या मार्थाबाईला वाटलं, किती माया आहे या पोराला माझ्या गाडीची! तिला काय माहीत, एकेक गाडी वर येतेय आणि याचं लग्न खाली जातंय! मी खिडकीतून बघायची आणि जो कोणी गाडी काढील त्याच्यावर ओरडायची, "अहो, कुठे चाललात? माझ्या भाचीचं लग्न आहे, घरी बसा!"

आणि शेवटी कोण घसरलं? पाळकसाहेब! चर्चच्याच उतारावर! ग्रेडीनं वर काढलं, पाळकसाहेबांनी खिशात हात घातला, तर ग्रेडी हात जोडून, "नको, साहेब! तुमच्या पाया पडतो, पैसे देऊ नका!" पाळकसाहेबांना कळलं. त्यांनी पाकीट असं झटकन मिटलं, जसं काही आतून साप निघाला. पुढच्या रविवारचं प्रवचन होतं 'घरातच राहण्यातला आनंद'.

तो महिना संपला तेव्हा ग्रेडीनं जन्मात मिळवला नव्हता एवढा पैसा मिळवला होता, आणि आमच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण. माणसानं जास्त कमावलं म्हणून घरातलं कोणी जेवत नाही, असं कुठे पाहिलंय? आता मला सांगा, हे बसून ठरवलं कुणी?

रोवी मात्र रडत बसणारी नव्हे. ती मिस ओपलकडे जूनीला आणायला गेली, तर तिथे डेनीझ, तीही आपलं पोर न्यायला आलेली, तीही मदतीवरच. डेनीझ बँकेत झाडलोट करायची, तिला आत काउंटरवर घेतलं, पगार चांगलाच वाढला. रोवीच्या डोक्यात किडा! "डेनीझ, तुझी मदत बंद नाही झाली?" "नाही बाई." "का नाही?" डेनीझ म्हणाली, "विचारलं नाही मी. बंद झाली असती तर विचारलं असतं." बघा, माणसामाणसात फरक असतो!

रोवी तडक ऑफिसात. "मिस्टर लूडन, डेनीझचा पगार माझ्या आणि ग्रेडीच्या मिळून जेवढा होतो जवळजवळ तेवढाच आहे. तिचंही कुटुंब तिघांचं. ती कशी बसते आणि मी कशी नाही?"

लूडन म्हणाले, "त्या बसत नाहीत. त्या आधीच बसलेल्या आहेत."

"म्हणजे?"

"रेषा दोन आहेत ना. आत येण्याची एक, बाहेर जाण्याची दुसरी. बाहेर जाण्याची जरा वर. एकदा आत आलेल्या माणसाला लगेच उठवत नाहीत."

रोवीनं टेबलाची कड धरली. "आणि मी? मी आत आहे की बाहेर?"

"तुम्ही? तुम्ही आतच आहात की. दीड वर्ष."

"मग लग्न केलं तर मला कुठली रेषा?"

लूडननी बोट फिरवून बेरीज केली. "वरची. हं… बर्फाचं सोडलं तर… बसतं. म्हणजे उठत नाही."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

आणि तो भला माणूस म्हणतो कसा, "तुम्ही विचारलंत, 'आम्ही बसतो का?' तो प्रश्न नव्याचा. तुम्ही विचारायला हवं होतं, 'आम्ही उठतो का?'"

अहो, जिनं आयुष्यभर प्रश्नच विचारले, ती एका प्रश्नात चुकली! मला हे कळलं तेव्हा माझ्या हातात मार्थाबाईचं डोकं होतं, वस्तरा घसरला, तिची एक भुवई अजून जरा तिरकी आहे. मी म्हटलं, मी जाते आणि त्या लूडनला… पण रोवी म्हणाली, "नको मावशी. त्यांनी मला दाराशी सोडायला येऊन सांगितलं, बर्फाचे दिवस मागे पडू देत, मग या. वाईट माणूस नाही तो. कुणी त्यालाही नीट विचारत नाही." आणि तिनं त्याला लग्नाचं बोलावणं देऊन टाकलं!

वसंतात लग्न झालं. रोवी अशी दिसत होती, अशी दिसत होती… माझी बहीण असायला हवी होती, एवढंच म्हणते. जूनी पुढे फुलं टाकत, प्रत्येक बाकाशी थांबून, "तुम्ही का रडताय?" ग्रेडीचा कोट मापाचा मिळाला नव्हता, श्वास घेईल तर गुंडी सुटेल म्हणून तो श्वास न घेता उभा. आणि पाळकसाहेबांनी विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला!"

आणि तुम्हाला सांगते, अख्खं चर्च, एकूण एक माणूस, मागे वळून मिस्टर लूडनकडे बघायला लागलं!

तो बिचारा शेवटच्या बाकावर. कानापर्यंत लाल. हळूच उठला आणि त्या बारीक आवाजात म्हणाला, "नाही, नाही. बसतं."

टाळ्या पडल्या हो चर्चमध्ये! मग खाली तळघरात जेवण, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, मी केलेला केक. आणि ग्रेडी दारात उभा राहून पाहुण्यांच्या हातातली पाकिटं परत करतोय! "पैसे नको, काका! उत्पन्नात धरतील! काकू, खिशात ठेवा ते!" अर्ध्या गावाची पाकिटं त्यानं अशी परत पाठवली, आणि मग लूडन कोंबडीचा तुकडा चावताचावता म्हणतात, "आहेर? आहेर आम्ही धरत नाही."

मी म्हटलं, "अहो, आधी सांगायचं ना!" तर म्हणे, "कुणी विचारलं नाही."

आता या माणसावर चिडायचं तरी कसं? त्याच्याबरोबर एक हसरी बाई होती, कडेवर दोन वर्षांचं गुटगुटीत पोर, नाक डिट्टो लूडनचं. मी दोघांच्या बशीत केक वाढला आणि म्हटलं, "मिसेस लूडन, तुमचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं?" बाईनं लूडनकडे पाहिलं. लूडननी बुटांकडे पाहिलं. "आमचं… अजून व्हायचंय."

"का हो?" मी विचारलं. बघा, घराण्याचीच खोड!

"आम्ही नुसते एका घरात राहिलो तरी माझं उत्पन्न धरतात, बाप आहे ना मी. हिचा मोठा मुलगा आधीच्या घरचा, हिची आई आजारी, म्हणून ही आईच्या घरी राहते दोन्ही मुलांना घेऊन, आणि मदत हिच्या एकटीच्या उत्पन्नावर मिळते. लग्न केलं की सगळे एका छपराखाली, सगळे एका बेरजेत. आणि आमची बेरीज…" त्यानं केकचा एक घास खाल्ला. "वरच्या रेषेतही नाही बसत. मी स्वतःच करून बघतो, दर वर्षी."

मी म्हटलं, "मग लग्न कधी करणार?"

त्यानं पोराच्या तोंडाला लागलेलं क्रीम आपल्या रुमालानं पुसलं आणि अगदी खूश होऊन म्हणाला, "हा तेरा वर्षांचा झाला की मदत आपोआप बंद होते. मग आम्ही मोकळे! तुम्ही या हं नक्की, केक तुमच्याकडेच सांगणार आहे."